चोडणची पहाटफेरी: पक्षी, कड्या आणि भरतीचा हिशोब

सकाळी सहाला गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावर जमायचं, फेरीबोटीने चोडणला उतरायचं, पावणेसात ते नऊ खारफुटीतून होडीने फिरायचं. मग खाजनाच्या (भरतीचं पाणी बांधाने अडवलेल्या सखल खारजमिनीच्या) बांधावर नाश्ता, आणि शेवटी तासभर पक्ष्यांच्या पायांत ओळखीच्या क्रमांकाची कडी कशी घालतात याचं प्रात्यक्षिक. माणशी 1,800 रुपये, होडीत सहाजण, दुर्बीण हवी तर 150 रुपये वेगळे. फेरी ऑक्टोबर ते मार्च चालते. चालवणाऱ्यांचं नाव इथे देत नाही, कारण खालच्या निम्म्या तक्रारी मांडवी नदीत पर्यटकांना पक्षी दाखवणाऱ्या बहुतेकांना लागू पडतात.

पैसे वसूल होतात का? तिथी बघून गेलात तर होतात. तिथी न बघता गेलात तर दोन तास मोठ्या नदीतून फिरून, लांबचे बगळे बघून परत याल.

म्हणून आधी पाण्याबद्दल. चोडण बेटाच्या पश्चिम टोकाचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम 1.78 चौरस किलोमीटरचं आहे, 1988 साली जाहीर झालेलं. त्यातली खरी मजा अरुंद पाटांमध्ये आहे. दोन्ही बाजूंनी खारफुटी होडीवर झुकलेली असते आणि खंड्या चार-पाच मीटरवर बसलेला सापडतो. या पाटांत होडी शिरते ती पाणी चढल्यावरच. ओहोटीला तिथे गुडघाभर चिखल आणि कांदळाची मुळं, बाकी काही नाही. किनाऱ्यावरच्या जुन्या खलाशांचा साधा हिशोब आजही कामाला येतो: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. नेमकी वेळ हवी असेल तर मुरगाव बंदराचा भरतीचा तक्ता बघायचा, आणि मांडवीत आत पाणी त्याहून थोडं उशिरा चढतं हे लक्षात ठेवायचं.

फेरी मात्र रोज पावणेसातलाच सुटते.

याचा परिणाम असा होतो. अष्टमीच्या सुमारास निघालात तर पाणी उतरायला लागलेलं असतं, शिवाय भांगाची (दुबळी) भरती असल्याने मुळात चढलेलंही कमी. तांडेल (होडी चालवणारा) पाटात शिरायला धजत नाही आणि त्याचं बरोबरच आहे, कारण उतरत्या पाण्यात अडकलेली होडी पुढच्या भरतीपर्यंत तिथेच राहते. पौर्णिमेला उलटं होतं. पहाटे पाचला ओहोटी संपलेली, सात वाजता पाटाचं तोंड अजून बंद, आणि ते उघडेपर्यंत तुमची वेळ संपत आलेली. सगळ्यात चांगले दिवस द्वादशी-त्रयोदशीचे, शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांतले. पाणी चढतं असतं, पूर्ण भरती नऊ-पावणेदहाला. पहिल्या पाऊण तासात मोठ्या पात्राकडेच्या चिखलावर चरणारे किनारपक्षी बघून होतात, पाणी त्यांना हळूहळू होडीकडे ढकलत आणतं, आणि साडेसात-पावणेआठला पाट उघडतो. पंचमी-षष्ठीला होडीचे पैसेच देऊ नका. ओहोटी दहाच्या आसपास संपते, तेव्हा चिखल उघडा पडताना बांधावरून चालत जास्त पक्षी दिसतात आणि तेही फुकट.

चालकांना हे सगळं माहीत आहे. विचारलं तर खरं सांगतातही. बुकिंगच्या पानावर मात्र तिथीचा उल्लेख नाही.

होडी फायबरची, मागे छोटं इंजिन आणि आत दोन वल्ही. इथे चालकांना पूर्ण गुण. चिखलावर थवा दिसला की साठ-सत्तर मीटर आधीच इंजिन बंद होतं आणि पुढे वल्ह्यावर काम चालतं. पाटात तर इंजिन वर उचलूनच ठेवतात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फांदीवर ओढून आणायचा प्रकार अजिबात नाही. लाइफ जॅकेटं सहाही चांगल्या स्थितीत, पण सगळी मोठ्या मापाची, त्यामुळे दहा वर्षांच्या आतलं मूल न्यायचं असेल तर त्याचं जॅकेट आपलं आपण आणावं.

चुकतं ते दिशेत. ऑक्टोबरच्या मध्यात इथे सूर्य सहा पंचविसाच्या आसपास उगवतो, आणि होडी सुटते तेव्हा तो बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी पूर्वेकडची वाट धरतात. त्या अर्ध्या तासात प्रत्येक पक्षी काळी आकृती असतो. आधी पश्चिमेकडे जाऊन परतताना पूर्वेकडचा काठ घ्यायला हवा. एवढा एकच बदल केला तर फेरीचा दर्जा एका पायरीने वर जाईल. निघतानाच तांडेलाला सांगितलं तर तो ऐकतो.

पक्ष्यांबद्दल जास्त लिहीत नाही, यादी कुठेही मिळेल. पण दोन गोष्टी माहीत असल्या तर बघणं सुधारतं. पहिली खंड्यांची. पांढऱ्या मानपट्टीचा खंड्या ही चोडणची खासियत: पाठ निळी-हिरवी, खालची बाजू स्वच्छ पांढरी आणि मानेभोवती पांढरा पट्टा. नवखे लोक पांढऱ्या छातीच्या नेहमीच्या खंड्यालाच तो समजतात. डोकं तपकिरी दिसलं की नेहमीचा, हे पक्कं. काळ्या डोक्याच्या खंड्यालाही मानेवर पांढरा पट्टा असतो, पण पोट तांबूस आणि चोच लालभडक. मानपट्टीवाल्याची चोच काळपट, खालून फिकी. पाटात तीन-चार जातींचे खंड्ये एका सकाळीत मिळणं अवघड नाही.

दुसरी गोष्ट वयाची, आणि पुढच्या कड्यांच्या भागाशी तिचा थेट संबंध आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात उत्तरेकडून उतरलेल्या तुतवार, टिलवे, चिखले या किनारपक्ष्यांच्या थव्यात यंदाची पिल्लं आणि मोठे पक्षी एकत्र असतात. पिल्लाची पाठीवरची पिसं सगळी एकाच वेळी उगवलेली, म्हणून एकसारखी ताजी असतात आणि प्रत्येकाला फिकी किनार असते, जणू माशाचे खवले. मोठ्या पक्ष्याच्या पाठीवर झिजलेली जुनी आणि उगवती नवी अशी मिश्र पिसं असतात. डिसेंबरपर्यंत किनारी झिजतात आणि फरक पुसट होतो. पक्षी हातात न घेता वय सांगण्याची ही संधी शरदातच मिळते. फेरीतला मार्गदर्शक पक्ष्यांची नावं अचूक सांगतो, पण विचारल्याशिवाय वयाकडे वळत नाही. विचारा.

भाड्याच्या दुर्बिणी मात्र निराशा करतात. आकार 8x40, म्हणजे निवड बरोबर. होडीवर 10 पट मोठं दाखवणारी दुर्बीण हाताचा आणि पाण्याचा हलकावाही तेवढाच मोठा करते, म्हणून 8 च योग्य. पण चारपैकी दोन दुर्बिणींच्या नळ्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. असं असलं की चित्र किंचित दुहेरी दिसतं, मेंदू ते ओढूनताणून एक करतो आणि पंधरा मिनिटांत कपाळ दुखायला लागतं. तपासणी सोपी आहे: लांबच्या विजेच्या तारेवर दुर्बीण धरायची आणि डोळ्यांपासून हळूहळू दहा-पंधरा सेंटीमीटर दूर न्यायची. दोन तारा दिसल्या तर ती परत करायची. तिसऱ्या दुर्बिणीत भिंगावर बुरशीचं जाळं होतं. गोव्याच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या प्रत्येक दुर्बिणीचं हेच होतं, जोपर्यंत ती घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवली जात नाही आणि निळ्या किंवा केशरी दाण्यांचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा सुकवले जात नाहीत. 150 रुपये घेताना एवढं करायला हवं.

नाश्ता: उंडे, पातळ भाजी, मिरची भजी, चहा. भाजी गरम होती. जागा मानशीजवळच्या (बांधातल्या पाण्याच्या दारांजवळच्या) बांधावर, माडाच्या सावलीत. शौचालय नाही, पाटात डास भरपूर.

आता कड्यांचा तास. या फेरीचं वेगळेपण यातच आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली जाते आणि ती चांगली आहे: इथे एकही पक्षी पकडला जात नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार परवानगीशिवाय रानपक्षी पकडणं हा गुन्हा आहे. रिंगिंग, म्हणजे कड्या घालण्याचं कामही परवानगी असलेल्या प्रशिक्षित माणसांनीच करायचं. म्हणून टेबलावर फक्त साहित्य असतं आणि पक्ष्याच्या पायाऐवजी नारळाच्या हिराची काडी. ही कल्पना झकास आहे. हिराचं जाड टोक बारीक पक्ष्याच्या पायाच्या नळीएवढं असतं आणि जास्त दाबलं तर चिरडतं, म्हणजे चूक हातालाच कळते.

साहित्य असं: लहान ते मोठ्या मापांच्या ॲल्युमिनियमच्या उघड्या कड्या, प्रत्येकीवर संस्थेचं नाव आणि वेगळा क्रमांक, जबड्यात वेगवेगळ्या मापांची गोल छिद्रं असलेली पक्कड, एका टोकाला अडणी असलेली पंखाची पट्टी, 50 ग्रॅमचा स्प्रिंगचा काटा, सुती पिशव्या, आणि लाकडी चौकटीत ताणलेला धुक्यासारख्या बारीक जाळीचा अर्धा मीटरचा तुकडा. लहान पक्ष्यांच्या जाळ्याचा डोळा गाठीपासून गाठीपर्यंत 16 मिलिमीटरचा असतो. जाळं ताठ बांधत नाहीत. आडव्या दोऱ्यांमध्ये ते सैल सोडतात आणि पक्षी धडकून खालच्या खिशात पडतो. ताठ जाळ्यावरून तो उसळून निघून जातो. पूर्ण जाळं न उघडता तुकडाच दाखवणं हा निर्णय शहाणपणाचा. उघडं जाळं दहा मिनिटं दुर्लक्षित राहिलं तरी त्यात काहीतरी अडकतंच.

कडी घालण्याच्या पायऱ्या सांगितल्या त्या बरोबर होत्या. आधी माप ठरवायचं, मग पकडीच्या योग्य छिद्रात कडी ठेवून नळीवर आणायची, टोकं जुळेपर्यंत दाबायची, पक्कड नव्वद अंशांनी फिरवून पुन्हा हलकी दाबायची. बसलेली कडी नळीवर वर-खाली सरकली पाहिजे, गोल फिरली पाहिजे, पण सांध्यावरून उतरता कामा नये. टोकांमध्ये नखाएवढीही फट राहिली तर त्यात गवत, दोरा किंवा मासेमारीची तंगूस अडकते आणि पक्षी पायाने लटकून मरतो. टोकं एकमेकांवर चढली तर कडी आत घासते, आणि ती काढताना पाय मोडण्याचा धोका घालण्यापेक्षा जास्त असतो. हिरावर प्रत्येकाला तीन कड्या घालायला मिळतात. पहिली बहुतेकांची लंबगोल होते, कारण छिद्र एक माप मोठं निवडलेलं असतं.

एक गोष्ट मात्र टेबलावर यायला हवी होती आणि आली नाही: खाऱ्या पाण्यातला फरक. चिखलात आणि समुद्रकाठी राहणाऱ्या पक्ष्यांच्या पायांतलं ॲल्युमिनियम काही वर्षांत झिजतं, अक्षरं पुसली जातात, शेवटी कडी गळूनही पडते. म्हणून अशा पक्ष्यांना स्टेनलेस स्टीलसारख्या कठीण धातूच्या कड्या घालतात. मांडवीच्या काठावर बसून रिंगिंग शिकवताना हे वगळणं चमत्कारिक वाटतं.

पक्षी कसा धरायचा ते कापडी बाहुलीवर दाखवलं. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, पाठ तळहाताला, बाकीची बोटं पिंजऱ्यासारखी सैल. छाती दाबायची नाही, हे तीनदा सांगितलं आणि तीनदा सांगण्यासारखंच आहे. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हलून हवा आत-बाहेर होते. ते हलणं थांबवलं की पक्षी गुदमरतो, आणि हे काही सेकंदांत होऊ शकतं. चोच उघडी ठेवून धापा टाकणारा पक्षी मोजमापं अर्धवट टाकून सोडून द्यायचा. गोव्याच्या ऑक्टोबरात साडेआठनंतरची दमट उष्णता हेच सगळ्यात मोठं कारण, म्हणून अशा हवेत जाळी पहाटे उघडून लवकर बंद करतात, दर वीस मिनिटांच्या आत जाळ्यांवर फेरी मारतात, आणि खारफुटीत खालचा खिसा भरतीच्या पाण्याच्या बराच वर बांधतात. शेवटचा मुद्दा इथल्या मार्गदर्शकाने स्वतःहून सांगितला. काम माहीत असलेल्या माणसाची खूण.

नोंदीचा क्रमही चांगला समजावला. कडीचा क्रमांक सगळ्यात आधी, आणि तो दोनदा मोठ्याने वाचायचा, एकाने वाचायचा आणि दुसऱ्याने लिहून परत म्हणायचा. एक आकडा चुकला तर बाकी सगळी नोंद दुसऱ्याच पक्ष्याच्या नावावर जाते. मग जात, वय, पंखाची लांबी, गळ्याखालच्या खळग्यातली चरबी, पिसं बदलण्याची अवस्था, शेवटी पिशवीसकट वजन आणि त्यातून पिशवीचं वजन वजा. पिशवी दर फेरीला नव्याने तोलायची, कारण दवाने ओली झालेली पिशवी ग्रॅमभर जास्त भरते, आणि ब्लिथचा बोरू वटवट्या साधारण अकरा ग्रॅमचा असतो. शरदात चरबीची नोंद सगळ्यात बोलकी. पिसांवर नळीने फुंकर मारली की खळगा दिसतो. तो पिवळ्या चरबीने भरलेला असेल तर पक्षी पुढे जायच्या तयारीत, रिकामा असेल तर नुकताच उतरलेला किंवा इथेच हिवाळा काढणारा असण्याची शक्यता जास्त.

इतिहासावर दहा मिनिटं गेली, पाच पुरली असती. डेन्मार्कमध्ये 1899 साली मॉर्टेन्सन या शिक्षकाने मैनेच्या कुळातल्या पक्ष्यांना क्रमांकाच्या कड्या घातल्या, भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1927 मध्ये हे काम सुरू केलं, एवढं पुरे. त्यात ‘आता उपग्रहाची यंत्रं आली, कड्यांचा जमाना संपला’ असं वाक्य आलं, ते चुकीचं आहे. पक्ष्यावर लादायचं ओझं त्याच्या वजनाच्या साधारण तीन टक्क्यांत ठेवतात. अकरा ग्रॅमच्या वटवट्यासाठी ते होतं 0.33 ग्रॅम. उपग्रहाशी बोलणारं यंत्र एवढं हलकं मिळत नाही. त्याच्या पायातली कडी ग्रॅमच्या काही शतांशांची असते. लहान पक्ष्यांसाठी कडीच आहे.

सगळ्यात उपयोगी भाग शेवटी पंधरा मिनिटांत उरकला, त्याला अर्धा तास द्यायला हवा: आपल्याला कडीवाला पक्षी दिसला तर काय करायचं? धातूच्या कडीवरचा क्रमांक होडीतून वाचता येणार नाही, हे आधी मान्य करा. पायात लावलेले रंगीत फ्लॅग (छोट्या झेंड्यासारख्या पट्ट्या) मात्र दिसतात, आणि बांधावर तिकाटण्यावर ठेवलेल्या 20-60x च्या दुर्बिणीतून फ्लॅगवरची अक्षरंही शंभर मीटरवरून वाचता येतात. होडीतून ती दुर्बीण निरुपयोगी, तिथे कॅमेरा वापरायचा आणि शटरचा वेग 1/1600 सेकंदाहून कमी ठेवायचा नाही.

लिहायचं ते असं. पाय उजवा की डावा, आणि तो पक्ष्याचा, आपल्या बाजूचा नव्हे. समोरून तोंड करून उभ्या पक्ष्यात इथेच बहुतेकांची गफलत होते. मग सांध्याच्या वर की खाली, वरून खाली रंगांचा क्रम, अक्षरं, जात, जागा, वेळ. दुसऱ्या पायात काही नव्हतं तर तेही लिहायचं, नाहीतर वाचणाऱ्याला ते दिसलं नाही की नव्हतं हे कळत नाही. उन्हाने हिरवा रंग फिकट पडून पांढऱ्यासारखा दिसतो, चिखलाने पांढरा पिवळा होतो, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात पिवळा-केशरी ओळखणं अवघड. शंका असेल तर शंका म्हणूनच लिहा. फोटो कापून, सुधारून न पाठवता मूळचा पाठवा. भारतात ही माहिती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे जाते. पक्षी कुठे आणि कधी पकडला होता ते तिथून कळू शकतं.

तक्रार एकच उरली, पण ती गंभीर आहे. रातबगळ्यांच्या दिवसा झोपायच्या झाडाखाली होडी फार जवळ नेली गेली, फोटोवाल्यांच्या आग्रहाखातर. पंधरा-वीस पक्षी उठले, ऊन चढत असताना उघड्यावर घिरट्या घालत राहिले. कड्या घालताना पक्ष्याच्या श्वासाची एवढी काळजी शिकवणाऱ्यांनी तासभर आधी हे करावं? तांडेल नाही म्हणायला बिचकतो, कारण बक्षीस फोटोवाल्यांकडूनच येतं. मार्गदर्शकाने निघतानाच नियम सांगितला तर तांडेलावरचं ओझं जाईल.

बुकिंग करताना तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या: त्या दिवशी पूर्ण भरती किती वाजता, पाटात शिरणार का, आणि गट सहाहून मोठा झाला तर दुसरी होडी देणार की त्याच होडीत बसवणार. पांढरे कपडे नकोत, टोपी हवी, डासांचं मलम रायबंदरलाच लावून घ्या. स्वतःची दुर्बीण नेली तर 150 रुपये वाचतात. रायबंदरला वाहन लावून चालतच फेरीबोटीत चढलेलं बरं, कारण परतताना चोडणच्या बाजूला गाड्यांची रांग लागलेली असू शकते.